नावाआधीचा शब्द

१९९१ सालच्या जुलै महिन्यात, एका भरपावसाच्या दुपारी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या छापखान्यात सत्तरीच्या आसपासच्या एक बाई आल्या. पांढरे पातळ, हातात दुमडलेली छत्री आणि पदराखाली जपून आणलेली, आम्हीच छापलेली एक पत्रिका. आषाढी पौर्णिमेला त्यांच्या विहारात वर्षावासाचा आरंभ होणार होता, त्या कार्यक्रमाची ती पत्रिका होती आणि तिच्या प्रूफावर शेवटची सही माझी होती. बाईंनी पत्रिका टेबलावर ठेवली, दोन नावांवर बोट ठेवले आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "भाऊ, हे असं कसं झालं जी? आमच्या मोठ्या भन्तेजींना तुम्ही नुसतं भिक्खू लिहिलं, आणि परवा परवा चीवर घेतलेल्या लहान भन्तेंना महाथेरो केलं."

नावे जुळवताना दोन ओळींतले आधीचे शब्द इकडचे तिकडे झाले होते आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते. सुटण्याचे खरे कारण घाई नव्हते. नावाआधी येणारे हे शब्द म्हणजे पत्रिकेच्या वेलबुट्टीसारखी शोभा असते, एकाच्या जागी दुसरा पडला तरी आदर तेवढाच पोचतो, असे मी मनातून मानत होतो, आणि जे आपण शोभा मानतो ते आपण वाचत नाही. बाईंनी मला विचारले, "भन्तेजींचे वर्षावास किती, हे तुम्ही विचारलं होतं का?" त्या वय विचारत आहेत असे समजून मी "असतील पंचाहत्तर" असे उत्तर दिले. त्यांनी मान हलवली. "वय नाही. पाऊस किती झाले ते."

त्या दिवसापासून मी हे शब्द वाचू लागलो. त्यानंतरची तेहतीस-चौतीस वर्षे, पत्रिका, स्मरणिका, नामफलक, शोकसभेचे कागद अशा निमित्तांनी या शहरातल्या जवळजवळ प्रत्येक धर्माच्या वडीलधाऱ्यांच्या नावाआधीचे शब्द माझ्या हाताखालून गेले. त्यांचे अर्थ शोधताना जे हाती लागले ते मला इतके जवळचे वाटले आहे, की ते एकदा सलगपणे लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते.

बाईंनी सांगितलेला हिशेब असा. भिक्खूचे संघातले ज्येष्ठत्व त्याच्या जन्मापासून मोजत नाहीत. उपसंपदा, म्हणजे संघात पूर्ण भिक्खू म्हणून प्रवेश, मिळाल्यानंतर त्याने पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहून किती वर्षावास पूर्ण केले यावर ते मोजले जाते. दहा वर्षावास झाले की तो थेर होतो, वीस झाले की महाथेर. पंचविशीत चीवर घेतलेला भिक्खू पंचेचाळिशीत महाथेर होऊ शकतो आणि साठाव्या वर्षी संघात आलेल्या माणसाला त्याच्यापुढे वाकावे लागते. म्हणजे महाथेरो हा शब्द त्या माणसाच्या विद्वत्तेची किंवा कीर्तीची पावती नसून, इतके पावसाळे हा माणूस थांबून राहिला, एवढीच नोंद त्यात आहे. आमच्या पत्रिकेने एका तरुणाच्या खात्यावर न पाहिलेले वीस पावसाळे जमा केले होते आणि एका वृद्धाचे पुसून टाकले होते.

महाथेरो यातला शेवटचा ओकार पालीतल्या प्रथमा विभक्तीचा आहे. मूळ शब्द थेर, संस्कृतात स्थविर: जो स्थिरावला तो, वृद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बाबासाहेबांनी ज्यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, त्या ब्रह्मदेशातून आलेल्या आणि कुशीनगरला राहणाऱ्या चंद्रमणींच्या नावाआधी आपण महास्थविर लिहितो, तो हाच शब्द. आणि हाच थेर प्राकृतातून आपल्या घरात आला तेव्हा त्याचा थेरडा झाला. एकाच शब्दाला विहारात पंचांग प्रणाम मिळतो आणि घराच्या ओसरीवर हाडहूड मिळते, हे ज्या दिवशी मला समजले त्या दिवशी मी बराच वेळ काम करू शकलो नाही. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते.

थेरडा हा शब्द एकटा नाही. आपला म्हातारा हा शब्द महत्तर या संस्कृत शब्दापासून आला आहे, आणि महत्तर म्हणजे अधिक मोठा. श्वेतांबर जैनांमध्ये ज्येष्ठ साध्वीला महत्तरा म्हणत असत. हरिभद्रसूरी हा मोठा तत्त्वज्ञ स्वतःची ओळख याकिनी महत्तरेचा धर्मपुत्र अशी देत असे, कारण याकिनी नावाच्या साध्वीच्या तोंडून ऐकलेल्या एका गाथेचा अर्थ त्याला, एवढ्या पंडिताला, लागला नव्हता आणि तिथून त्याचे आयुष्य वळले. महत्तरा ही तिची पदवी होती. तोच शब्द आज आपण बसमध्ये जागा अडवणाऱ्या बाईसाठी म्हातारी म्हणून वापरतो. महानुभाव पंथातले महंत त्याच महत् शब्दाच्या घरचे. रिद्धपूरला जाणारी मंडळी पत्रिका छापायला येत तेव्हा महंत या शब्दाचा अनुस्वार गळणार नाही याकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहत असे.

वृद्ध असा अर्थ असणारे शब्द मग मला जिथेतिथे दिसू लागले. पीर हा फारसी शब्द, अर्थ म्हातारा. शेख हा अरबी शब्द, अर्थ वयोवृद्ध, टोळीतला वडीलधारा. इंग्रजीतला प्रीस्ट हा ज्या ग्रीक शब्दापासून आला त्या प्रेस्बिटर या शब्दाचा अर्थही वडीलधारा असाच, आणि मराठी बायबलने त्यासाठी आपला वडील हा शब्द घेतला आहे. वाळवंटात, हिमालयाच्या पायथ्याशी आणि भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांना देवाजवळच्या माणसासाठी पहिला शब्द सुचला तो म्हातारा हाच. ज्याने आपल्यापेक्षा जास्त पाहिले आहे त्याच्याजवळ जाऊन बसावे, ही गरज सगळ्या धर्मग्रंथांच्या आधीची असावी, असे मला वाटते.

प्रेस्बिटर या शब्दाचे नागपूरशी जुने नाते आहे. १८४५ साली स्कॉटलंडहून इथे आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, ते प्रेस्बिटेरियन होते. प्रेस्बिटेरियन म्हणजे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार वडीलजनांनी पाहावा, वर बिशप नसावा असे मानणारे. बिशप हवा की नको, हा वाद युरोपात शेकडो वर्षे चालला आणि त्यापायी रक्तही सांडले. म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० ही तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात बिशप मानणारे होते आणि पिढ्यान्‌पिढ्या बिशपशिवाय चाललेलेही होते. एक पदवी स्वीकारायची की नाही, आणि स्वीकारली तर तिचा अर्थ नेमका काय धरायचा, यावर त्यांनी त्याआधी अनेक वर्षे चर्चा केली होती. शेवटी बिशप हा शब्द राहिला, पण त्याच्या हाती एकट्याची सत्ता राहिली नाही. मंडळीच्या घटनेने तो बांधला गेला. एका शब्दासाठी इतकी वर्षे थांबणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

बिशप या शब्दाचा मराठी बायबलने केलेला अनुवाद तर मी अनेकदा मनात घोळवत असतो. मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपोस. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. वरून लक्ष ठेवणारा. जुन्या भाषांतरकारांनी त्यासाठी अध्यक्ष हा शब्द निवडला. आज अध्यक्ष म्हटले की आपल्याला सभा, हार आणि समारोपाचे भाषण आठवते, परंतु शब्द फोडला तर अधि म्हणजे वर आणि अक्ष म्हणजे डोळा. ज्याचा डोळा सगळ्यांवर आहे, असा. ग्रीक शब्दाची हाडे जशीच्या तशी मराठीत बसवणारा तो भाषांतरकार कोण होता कोण जाणे. माझ्यासारख्या शब्दांत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याला नमस्कार करावासा वाटतो.

नागपूरच्या सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च, असे आपण समजतो. कथेद्रा म्हणजे आसन. जिथे बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल, मग इमारत लहान असो की मोठी. शंकराचार्यांचे पीठ, मठाची गादी, दर्ग्याचा सज्जादानशीन, म्हणजे नमाजाच्या चटईवर बसणारा, हे सगळे याच कुळातले शब्द आहेत. खुर्ची, पाट, गादी, चटई: माणूस जातो, बसण्याची जागा राहते, आणि पुढचा तिथे येऊन बसतो. शंकराचार्य या पदवीत तर पहिल्या बसणाऱ्याचे नावच पुढच्या प्रत्येकाला मिळाले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकिकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. बुद्धांनी देह ठेवण्यापूर्वी आपल्या आनंद या शिष्याला जे शेवटचे काही सांगितले, त्यात एकमेकांना हाक कशी मारायची हेही सांगितले. तोवर सगळे भिक्खू एकमेकांना आवुसो म्हणत, म्हणजे मित्रा. बुद्ध म्हणाले की माझ्यामागे असे नको. थोरल्याने धाकट्याला नावाने, गोत्राने किंवा आवुसो म्हणून हाक मारावी, आणि धाकट्याने थोरल्याला भन्ते किंवा आयस्मा म्हणावे. एवढ्या मोठ्या निरोपाच्या घडीला हाक मारण्याची रीत सांगावीशी वाटली, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले होते. पुढे उमगले की संघ टिकायचा तर तो रोजच्या हाकेतच टिकणार होता.

भन्ते हा शब्द व्याकरणाने संबोधन आहे. भदन्त म्हणजे आदरणीय, कल्याणकारी. त्याची हाक मारतानाची, तोंडात झिजून गुळगुळीत झालेली आकृती म्हणजे भन्ते. त्यामुळे "भन्ते आले", "भन्तेंना सांगा" असे आपण म्हणतो तेव्हा एक हाकच नाम म्हणून वापरत असतो, जसे लहान मूल "आई" या हाकेलाच आईचे नाव समजते. हे लक्षात आल्यावर मी बाकीचे शब्द पुन्हा उघडून पाहिले. मौलाना: मौला म्हणजे स्वामी, आणि शेवटचा ना म्हणजे आमचा. आमचे स्वामी. इतवारीतले बोहरा व्यापारी ज्या सय्यदनांचे नाव आदराने घेतात, त्या शब्दातही तोच ना आहे: आमचे सय्यद, आमचे धनी. यहुद्यांच्या रब्बी या शब्दातली शेवटची ईकार म्हणजे माझा. रब्बी म्हणजे माझे गुरुवर्य. पोप हा शब्द ग्रीक पाप्पास, म्हणजे बाबा, या मुलाच्या बोलातून आला.

म्हणजे या पदव्या त्या माणसाच्या अंगावर शिवलेल्या नाहीत. त्या हाक मारणाऱ्याच्या तोंडात जन्मलेल्या आहेत. आमचा, माझा, हे शब्द पदवीत आहेत तोवर ती पदवी दोन माणसांमधली असते, एकट्याची असूच शकत नाही. मौलाना शब्द कोणी स्वतःच स्वतःच्या नावाआधी लिहू लागला, तर त्याचा अर्थ "मी आमचा स्वामी" असा काहीतरी निघेल, आणि भाषाच तो अर्थ नाकारेल. छापलेल्या पत्रिकेत या शब्दांना मी थिजलेल्या अवस्थेत पाहत होतो. त्यांचे खरे स्थान आवाजात होते. त्या बाईंनी छापलेला शब्द वाचला नव्हता. रोज पहाटे त्या ज्या हाकेने भन्तेजींना बोलावत होत्या, ती हाक दुसऱ्याच नावाला जोडलेली त्यांनी ऐकली होती.

बौद्ध कुटुंबांच्या लग्नपत्रिकांत श्री. आणि सौ. यांच्या जागी आयु. लिहितात, हे नागपुरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आयु. म्हणजे आयुष्मान, म्हणजे पालीतला आयस्मा. अडीच हजार वर्षांपूर्वी थोरल्या भिक्खूसाठी सांगितलेली ती हाक. ती आज नवरदेवाच्या, त्याच्या बहिणीच्या, मामाच्या नावाआधी लागते. पूर्वी ज्यांना गावात धड नावानेही हाक मारली जात नव्हती, त्यांच्या नातवंडांच्या नावाआधी हा शब्द जुळवताना माझ्या हाताला काहीतरी वेगळे जाणवायचे. वारीतही असेच होते. माउली ही ज्ञानेश्वरांची पदवी, पण आळंदीहून पालखी निघाली की चहा देणाराही माउली आणि पाय दुखतो म्हणून वाटेत बसलेला अनोळखी म्हाताराही माउली.

हजरत या शब्दाची गोष्ट मला दोन ठिकाणांहून मिळाली. ताजाबादच्या दर्ग्याला जाणाऱ्यांमध्ये आमच्या घरातली माणसेही होती. आजी दर गुरुवारी जायची. हजरत बाबा ताजुद्दीन यांचा जन्म १८६१ साली कामठीला झाला. लोक त्यांना वेडा समजले, इथल्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी वर्षे काढली, आणि राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना तिथून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेले. १९२५ साली ते गेले. त्यांच्या नावातला ताजुद्दीन म्हणजे धर्माचा मुकुट, बाबा म्हणजे बाप, आणि हजरत म्हणजे हजेरी. हजर असणे. आपण कचेरीत "हजर" म्हणतो तोच धातू. ज्याच्यासमोर आपण उभे आहोत तो इथे आहे, एवढेच तो शब्द म्हणतो.

दुसरे ठिकाण म्हणजे हिवाळ्यातला स्वेटरचा बाजार. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. एका डिसेंबरात स्वेटर घेताना विक्रेत्या बाईंच्या मागे दलाई लामांचे छायाचित्र दिसले आणि मी त्या नावाविषयी विचारले. दलाई हा शब्द मंगोल आहे, त्याचा अर्थ समुद्र, आणि १५७८ साली मंगोल राजा अल्तान खानाने सोनम ग्यात्सो यांना ती पदवी दिली, एवढे मी वाचलेले होते. ग्यात्सो म्हणजे तिबेटीतही समुद्रच, आणि लामा म्हणजे गुरू. बाईंनी ते सगळे ऐकून घेतले आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "ते बाहेरच्यांचं नाव आहे दादा. आम्ही घरी कुंदुन म्हणतो." कुंदुन म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी दोन्ही हात छातीसमोर थोडे पुढे धरले, जणू समोर कोणी उभे आहे. "समोर असणं. तसं काहीतरी." मी घरी येऊन हजरतच्या शेजारी कुंदुन लिहून ठेवला. ज्यांना आपला प्रदेश सोडून हजारो मैलांवर गोंदियाच्या जंगलाकाठी राहावे लागले, त्यांनी आपल्या गुरूसाठी राखलेला घरातला शब्द समोर असणे हा आहे. त्या बाईंनी ते चित्र दुकान बंद करताना शेवटी उतरवले आणि सकाळी पहिल्यांदा लावले, हे मी पुढच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन पाहिले.

गुरू या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो. गु म्हणजे अंधार आणि रु म्हणजे तो दूर करणारा, ही फोड प्रवचनांत नेहमी ऐकू येते आणि ती सुंदर आहे; व्याकरणाने मात्र गुरू म्हणजे जड, वजनदार. मला दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. वाऱ्यावर उडून जाऊ नये म्हणून कागदावर ठेवलेला दगड माझ्या टेबलावर आयुष्यभर होता.

आचार्य या शब्दाची फोड यास्काने निरुक्त या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात दिली आहे: जो आचार ग्रहण करायला लावतो, जो अर्थ गोळा करतो, किंवा जो बुद्धी वाढवतो तो आचार्य. पण या शब्दाचा अर्थ मला कोशात कळला नाही. तो रामटेकमुळे कळला. रामटेकच्या शांतिनाथ मंदिरात दिगंबर जैन आचार्य विद्यासागर अनेकदा चातुर्मासाला असत, आणि त्या काळात आमच्याकडे जैन मंडळींच्या पत्रिकांची रीघ लागे. त्या कामातच मी शिकलो की मुनींच्या नावाआधी १०८ येतो आणि आर्यिकांच्या, म्हणजे साध्वींच्या, नावाआधी १०५, आणि हे आकडे चुकणे म्हणजे फार मोठी चूक. त्याच मंडळींपैकी एकाने मला १९७२ सालची हकिकत सांगितली. राजस्थानातल्या नसीराबादला वृद्ध आचार्य ज्ञानसागर यांनी आपले आचार्यपद सोडले आणि आपल्याच शिष्याला, सव्वीस वर्षांच्या विद्यासागरांना दिले. नंतर ते स्वतः शिष्याच्या जागी बसले आणि नव्या आचार्यांना विनंती केली, की माझी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवण्याचे व्रत, आता आपल्या मार्गदर्शनाखाली व्हावी. ज्याला त्यांनी अक्षर अक्षर शिकवले होते, त्याला त्यांनी नमस्कार केला.

१८ फेब्रुवारी २०२४ रोजी, नागपूर-रायपूर रेल्वेमार्गावरच्या डोंगरगडला चंद्रगिरी तीर्थावर विद्यासागरांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनीही आचार्यपदाचा त्याग केला होता. एकावन्न वर्षे ज्या शब्दाने लाखो लोक त्यांना हाक मारत होते तो शब्द त्यांनी उतरवून ठेवला, आणि मग अन्नपाणी सोडले. वस्त्र तर त्यांच्या अंगावर पूर्वीपासूनच नव्हते. उरला होता तो नावाआधीचा शब्द. बातमी आली त्या दिवशी माझ्याकडे श्रद्धांजलीचा मजकूर तपासायला आला होता. त्यात आचार्य लिहिलेलेच होते. ते खोडावे की ठेवावे, याचा मी बराच वेळ विचार केला, आणि शेवटी ठेवले, कारण त्यांनी सोडले असले तरी हाक मारणाऱ्यांनी ते सोडलेले नव्हते, आणि शब्द त्यांचा होता.

अलीकडच्या फलकांवर एकेका नावाआधी चार-चार, पाच-पाच पदव्या दिसतात. परमपूज्य, जगद्गुरू, विश्वसंत, आणि त्यापुढे १००८. मला त्याचे वाईट वाटते. एवढ्या शब्दांतून हाक मारता येत नाही. पहिल्या ग्रेगरी नावाच्या पोपने सहाव्या शतकाच्या शेवटी स्वतःसाठी "देवाच्या सेवकांचा सेवक" हे शब्द घेतले होते, आणि ते पुढच्या पोपांनीही चालवले; आपल्याकडच्या दासानुदास या शब्दाशी त्यांची सोयरीक आहे. हरिभक्तपरायण हाही तसाच सोसणारा शब्द आहे. हरीची भक्ती हेच ज्याचे शेवटचे आश्रयस्थान, असा त्याचा अर्थ, ह.भ.प. अशी तीन अक्षरे लिहिताना मी तो अर्थ एकदा तरी मनात म्हणतो.

आणि विदर्भाने तर या बाबतीत जे केले आहे, त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. यावलीच्या माणिक नावाच्या मुलाला त्याच्या गुरूंनी, वरखेडच्या आडकोजी महाराजांनी, तुकड्या म्हटले. भाकरीचा तुकडा. त्याने ते नाव आयुष्यभर भजनांच्या शेवटी मुद्रा म्हणून वापरले. नंतर देशाने त्यांना राष्ट्रसंत म्हटले, पण भजनात ते तुकड्याच राहिले. शेंडगावच्या डेबूजीच्या हातात मातीचे फुटके गाडगे असे, म्हणून लोक त्यांना गाडगे बाबा म्हणू लागले. कोणी पाया पडू लागले तर ते चिडत, आणि आपला कोणी शिष्य नाही असे सांगत. माधानचे गुलाबराव महाराज डोळ्यांनी अधू, लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले, आणि त्यांनी स्वतःला म्हटले ज्ञानेश्वरांची कन्या. १९२३ सालच्या नागपूर विद्यापीठाला २००५ पासून तुकडोजी महाराजांचे नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगे बाबांचे. पदवी हा शब्द मराठीत दोन्हींना चालतो, विद्यापीठाच्या पदवीला आणि साधूच्या पदवीला; संस्कृतात त्याचा जुना अर्थ पायवाट. आमच्याकडची मुले जी पदवी घेऊन घरी येतात तिच्या माथ्यावर एका ठिकाणी भाकरीचा तुकडा असतो आणि एका ठिकाणी मातीचे गाडगे. माझ्या नातीच्या प्रमाणपत्रावर मी ते नाव बोटाने वाचले.

त्या १९९१ च्या पत्रिका आम्ही रात्री बसून पुन्हा छापल्या. सकाळी बाई न्यायला आल्या तेव्हा चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठाही त्यांनी मागून घेतला. मागची बाजू कोरी आहे, विहारात कामाला येईल, म्हणाल्या. तीन-चार दिवसांनी मी भन्तेजींची क्षमा मागायला उत्तर नागपुरातल्या त्या विहारात गेलो. वाटेत मी एक वाक्य तयार केले होते, त्यात भदंत होते, महाथेरो होते, पूज्य होते. खोलीत पोचलो तेव्हा ते खिडकीशी चष्मा लावून काहीतरी लिहीत बसले होते. वाक्य मला सापडेना. "भन्ते, चूक झाली," एवढेच मी म्हणालो.

त्यांनी मला बसायला सांगितले. हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. ती आमचीच चुकलेली पत्रिका होती, छापलेली बाजू खाली करून ठेवलेली. कोऱ्या बाजूवर त्यांनी रविवारी विहारात शिकायला येणाऱ्या मुलांची यादी लिहिली होती. "तुम्ही मुद्रितशोधक आहात ना," ते म्हणाले, "एवढी नावं बघून द्या. मुलांना आपलं नाव चुकलेलं आवडत नाही." मी खिशातले पेन काढले. एकोणीस नावे होती. प्रत्येक नावाआधी त्यांनी सुबक अक्षरात आयु. लिहिले होते. एके ठिकाणी वेलांटी ऱ्हस्व हवी होती आणि एका मुलीच्या नावातला रफार दुसऱ्या अक्षरावर गेला होता; त्या दोन खुणा करून मी कागद दोन्ही हातांनी परत दिला.